झाकलेली ओळ

पलीकडून फोन उचलला गेला. मी माझं नाव सांगितलं, कशासाठी फोन केलाय ते सांगितलं, आणि त्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मला वाटलं, फोन कटला.

"हॅलो? वैनी, येतोय ना आवाज?"

"येतोय," ती बाई म्हणाली. "कुणासाठी म्हणालात?"

"चंदनासाठी. चंदना भूपाल चौगुले. हे तिचंच घर ना? आमच्या वधूवर केंद्रात तिचं नाव आहे. माझा धाकटा भाऊ आहे, पारस. त्याच्यासाठी विचारत होते. लग्न झालंय का तिचं?"

मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "नाही. लग्न नाही झालं तिचं."

"मग आम्ही बघायला येऊ का?"

"चंदनाला बघायला," ती म्हणाली. विचारत नव्हती, कुणी हातावर काही ठेवावं आणि आपण ते उलटंसुलटं करून बघावं, तसं म्हणाली. "या की. रविवारी या. दुपारी लवकर या, म्हणजे दिवसाउजेडी घरी पोचाल. रात्रीचं खात नसाल ना तुम्ही?"

"नाही, वैनी."

"आम्ही पण नाही. चंदना पण नाही."

फोन ठेवला आणि मी तिथंच खुर्चीत डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. तेहेतिशी ओलांडलेल्या भावासाठी पाच वर्षं स्थळं बघत होते मी. कुणी 'या' म्हणालं, तेही पहिल्याच फोनला, असं कधी झालं नव्हतं.

आई-वडील लवकर गेले, त्यामुळं पारसला मीच वाढवलेला. सांगलीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतावरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, हा त्यात नवी तार भरून द्यायचा. हाताला गुण होता, गिऱ्हाईक लांबून यायचं. पण मुलीकडचे एकच विचारायचे, "नोकरी कुठं?" दुकान म्हटलं की चहा लवकर संपवायचे. पारस हसण्यावारी न्यायचा. "अक्का, माझ्या कपाळावर एखाद्या कंपनीचा शिक्का मारून घेऊ काय?" म्हणायचा. अलीकडं मात्र कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं की त्याला नेमकं तेव्हाच काम निघायचं.

चंदनाच्या माहितीत शेवटी अपेक्षा लिहिली होती: मुलगा निर्व्यसनी असावा, रात्रभोजन करणारा नसावा, नोकरीची अट नाही.

नोकरीची अट नाही! ती ओळ मी वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. मुलगी बी.एस्सी., उंच, माहेर तासगावचं, घरची द्राक्षबाग. नोंदणी जुनी होती, म्हणजे आता तिशी उलटली असणार. राहिली असेल एखादी, मी मनात म्हटलं. आमचा नाही का राहिला?

आता हे नाव मला मिळालं कसं, ते सांगायला हवं. कारण त्या आठवड्याआधी ते केंद्रात कुणालाच दिसत नव्हतं.

आमच्या समाजाचं ते वधूवर केंद्र आदगोंडा आण्णांनी काढलेलं. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मागच्या खोलीत एक संगणक होता आणि आण्णा एका बोटानं त्यावर नावं टाइप करायचे. मराठीचा जुना फॉन्ट होता, त्या काळी सगळीकडं असायचा तसा. आण्णा गेले, संगणकही म्हातारा झाला, आणि कार्यकारिणीनं ठरवलं की सगळी माहिती नव्या डेटाबेसमध्ये घालायची, म्हणजे शिक्षण, उंची, गाव टाकलं की जुळणारी स्थळं आपोआप समोर येतील. मी शाळेच्या ऑफिसात काम केलेलं, म्हणून ते माझ्याकडं आलं. सोबतीला केंद्राचे सचिव उपाध्ये सर, आणि सॉफ्टवेअर करून देणारा कोल्हापूरचा इंजिनिअर फोनवर.

मला वाटलं होतं, इथनं उचलायचं आणि तिथं ठेवायचं. ठेवलं, तर सगळा कचरा दिसायला लागला. इंग्लिश अक्षरं, कंस, डॉलर, टिंबं. मी घाबरून त्या मुलाला फोन लावला.

"काकू, घाबरू नका," तो म्हणाला. "जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्लिशच अक्षरं असतात. फॉन्ट म्हणजे नुसता अंगरखा. वरनं मराठी दिसतं. डेटाबेसला अंगरखा दिसत नाही, आतलं उघडं अंग दिसतं. म्हणून आधी बदलून घ्यायचं, मग भरायचं."

त्यानं बदलून देणारा प्रोग्राम पाठवला. तो बरोबर चालतो की नाही हे बघायचं कसं? मी जुन्या फॉन्टमध्ये आधी णमोकार मंत्रच टाइप केला आणि तो बदलून घेतला. ज्याचा कानामात्रा झोपेतही चुकणार नाही असं तेवढं एकच माझ्यापाशी होतं. पहिल्या वेळी वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. इंजिनिअरनं दुरुस्त्या केल्या. मंत्र जसाच्या तसा उमटला त्या दिवशी मी प्रोग्रामला हात जोडले. उपाध्ये सर हसले. "त्रिशलाताई, संगणकालाही तुम्ही नेम द्यायला लागला."

आण्णांच्या त्या फाइलीत मराठी ओळींच्या मधेमधे काही ओळी जुन्या संगणकावरही कचऱ्यासारख्याच दिसायच्या. उपाध्ये सर म्हणाले, "फाइल जुनी झाली की असं होतं. बुरशी येते तशी." पण सगळी फाइल बदलून घेतली, तर त्या ओळीही स्वच्छ मराठीत बाहेर आल्या. नावं, गावं, शिक्षण, फोन, सगळं. आम्हाला कोण आनंद झाला! जी स्थळं हरवली असं वाटत होतं, ती परत मिळाली म्हणून. शुक्रवारी सगळं डेटाबेसमध्ये भरलं, आणि शनिवारपासून केंद्राच्या बायकांनी नवी माहिती बघून घरोघरी फोन लावावेत असं ठरलं. मी मात्र शुक्रवारीच, भरून झाल्या झाल्या, पारसची माहिती टाकून बघितली होती. सगळ्यात वर आली ती चंदना.

रविवारी सकाळी नेहमीसारखी बस्तीत गेले. रोज देवापुढं उभं राहून मी एक नेम घेते, दुसऱ्या दिवशीच्या दर्शनापर्यंतचा. कधी मिठाचा त्याग, कधी तुपाचा, कधी दिवसातली एक घटका मौन. त्या दिवशी गोडाचा घेतला. मनात म्हटलं, एवढं गोड सोडते, पोराचं तोंड गोड होऊ दे. देवाशी असा सौदा करू नये, हे मला कळतं. पण केला.

पारसनं निळा शर्ट घातला होता. मोटारसायकलवर तासगावच्या वाटेला लागल्यावर मागं न बघता म्हणाला, "अक्का, यावेळी नकार आला तर मी सरळ दीक्षा घेतो."

"दीक्षा द्यायला पण महाराजांनी पसंत करावं लागतं."

"तिथं तरी नोकरी विचारत नसतील."

चौगुल्यांचं घर गावाबाहेर, बागेला लागून होतं. वर दोन खोल्या चढवलेलं. अंगण सारवलेलं नव्हतं, फरशीच होती, पण तिच्यावर कुणीतरी ताजी रांगोळी घातली होती, आणि सवय मोडलेल्या हाताच्या तिच्या रेघा होत्या. कट्ट्यावर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. आम्ही "जय जिनेंद्र" म्हटलं. त्यांनी हात जोडले, पण उठले नाहीत.

"मुलीचे वडील ना तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आत बसा. ती आहे आत."

मला वाटलं, चंदना म्हणतायत. आत गेले तर तिची आई उभी होती. साठीच्या आसपासची, ठेंगणी. जरीच्या काठाची साडी, नीट घातलेला अंबाडा. तिनं आम्हाला बसवलं, पाणी गाळून आणलं. पारसकडं ती टक लावून बघत होती, आणि तो पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होता.

"वडील येणार नाहीत आत?" मी म्हटलं. मुलीचा बाप बाहेर बसून राहतो, असं मी कुठं बघितलं नव्हतं.

"त्यांना जमणार नाही," ती म्हणाली. "आपण बोलू की. मुलगा काय करतो?"

आता आलं, मी मनात म्हटलं. "मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. स्वतःचं."

"हाताचं काम," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "चंदनाला असंच आवडायचं. घरातला पंखा बिघडला की बाबांच्या आधी तीच स्टुलावर चढायची. शॉक बसला होता एकदा. तरी चढायची."

पारसनं पहिल्यांदा वर बघितलं. "मेन स्विच बंद करत नव्हत्या का?"

"नव्हती करत! सांगा तिला तुम्ही!"

तो हसला. ती हसली. इतकं बरं वाटलं मला. पाच वर्षांत एकाही घरात त्याला कामातलं काही कुणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. चंदनाला शेवग्याची आमटी आवडते. ती बोलते भरभर, चालते त्याहून भरभर. पर्युषणात दहाही दिवस एकभुक्त राहते आणि अकराव्या दिवशी भांडून जास्तीची पुरणपोळी घेते. बोलता बोलता ती 'आवडते' म्हणायची, मधेच 'आवडायची' म्हणायची, पुन्हा 'आवडते'वर यायची. मी ते ऐकलं. पण आईच ती, मुलगी मोठी झाली की तिच्या लहानपणाचं बोलतेच, असं समजून सोडून दिलं.

"पोहे आणते," ती उठली. "आमच्यात कांदेपोह्यांतही कांदा नसतो, तेव्हा नावाला हसू नका."

"आमच्यात पण तसंच," मी म्हटलं. "चंदनाला बोलवा की आता. तिच्याच हातानं आणू दे."

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. पाठमोरीच. "येईल," म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात पिशवीतला माझा मोबाइल वाजला. उपाध्ये सर.

"त्रिशलाताई, कुठं आहात?"

"तासगावात, सर. पारसच्या..."

"अहो, मोठा गोंधळ झालाय! कालपासून बायकांनी फोन लावले ना? सकाळपासून मला शिव्या पडतायत. एका घरी मुलीसाठी विचारलं, तर फोन तिच्या नवऱ्यानं उचलला. म्हणतो, माझ्या बायकोला स्थळ आणताय काय! दुसऱ्या घरी मुलीला दोन पोरं आहेत."

मला हसू आलं. "कसं काय, सर?"

"त्या बुरशीच्या ओळी हो! बुरशी नव्हती ती. आण्णा कुणाचंच नाव काढून टाकत नव्हते. खालचे अनुक्रम बदलतील म्हणून. ज्याचं काम संपलं त्याच्या ओळीचा फॉन्ट बदलून इंग्लिश करायचे, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही. आत्ता त्यांच्या मुलानं सांगितलं मला. झाकून ठेवायचे म्हणे. आणि आपण सगळ्यांचीच झाकणं उघडली."

"म्हणजे ती सगळी लग्न झालेली आहेत?"

सरांनी आवाज खाली आणला.

"सगळी नाहीत," ते म्हणाले. "ज्याचं काम संपलं म्हणजे... काही लग्न झालेली. काही नसलेली."

"नसलेली?"

"आता या जगात नसलेली हो, ताई. म्हणून तर फोन केला. तुम्ही कुणाकडं गेलाय, त्यांचं नाव काय?"

माझी नजर वर गेली. समोरच्या भिंतीवर तीर्थंकरांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी रंग न उडालेला एक चौकोन. बाकीची भिंत उन्हानं फिकी झालेली, तेवढीच जागा गडद. वर खिळा होता. खिळ्याला चंदनी मण्यांच्या हाराची दोरी अडकून राहिली होती, दोन मणी तिच्यात तसेच. कुणीतरी घाईनं हार ओढून काढला होता.

पारस विचारत होता, "काय झालं अक्का? कुणाचा फोन?" त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कुठूनतरी लांबून येत होते. आतल्या खोलीचा दरवाजा अर्धा उघडा होता. पलंगावर एक साडी पसरून ठेवली होती, मोरपंखी, घडी मोडलेली पण कधी न नेसलेली. तिच्यावर बांगड्या होत्या.

मी मंत्र म्हणायला लागले आणि तो मला आठवेना. ज्यावरून मी संगणक तपासला, तोच.

आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता. कढीपत्ता, हिंग. ताटल्या मांडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, पारसचा हात धरावा आणि बाहेर पडावं. कट्ट्यावरच्या त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवावं आणि पळून जावं. पण मग बाई ट्रे घेऊन बाहेर येईल आणि खोली रिकामी असेल. ते मला पुढचं सगळं आयुष्य दिसत राहिलं असतं.

ती बाहेर आली. ट्रेमध्ये चार ताटल्या होत्या. तिनं एक माझ्यापुढं ठेवली, एक पारसपुढं, एक स्वतःच्या जागेपाशी. चौथी हातात घेऊन उभी राहिली. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडं तिचं लक्ष गेलं, आणि तिथून माझ्या चेहऱ्याकडं.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"वैनी..." मी फोन कट केला.

"काय कळलं?" पारस म्हणाला.

तिनंच त्याला सांगितलं, सरळ, जसं पोह्यांत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. "चंदना नाही. बरीच वर्षं झाली. ताप आला होता. साधा ताप म्हणत होते डॉक्टर."

पारस उभा राहिला. खुर्ची मागं पडली, तिचा केवढा आवाज झाला! दारात सावली आली. वडील होते. आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाले, "मी सांगत होतो तिला. पाहुण्यांची थट्टा करू नये. ऐकली नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

"थट्टा नाही," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसा. मीच बोलावलंय." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, राग आला असेल तर बोला मला. पण फोनवर तुम्ही म्हणालात, चंदनाला बघायला येऊ का. ती गेल्यापासून या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. मला त्रास होईल म्हणून पाहुणे घेत नाहीत. यांना त्रास होईल म्हणून मी घेत नाही. आणि तुम्ही अगदी असं विचारलंत, जसं ती आत केस विंचरतीय."

मी तिचा हात धरला. दोघींचेही हात सारखेच गार होते.

"तिचं नाव केंद्रात घातलं, साडी आणली, आणि पहिले पाहुणे यायच्या आतच सगळं संपलं. तिला बघायला कुणी आलंच नाही कधी. आदगोंडा आण्णा भेटायला आले होते तेव्हा मी म्हटलं, आण्णा, तिचं नाव तेवढं पुसू नका. ते म्हणाले, पुसत नाही, वैनी. झाकतो. कुणाला दिसणार नाही, पण जागेवर असेल. तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आण्णांनीच उघडली ती ओळ. मग कळलं की आण्णापण गेलेत. म्हटलं, कुणी का उघडली असेना."

कुणी उघडली, ते माझ्या जिभेवर होतं. पण ती माझं ऐकण्यासाठी थांबलीच नव्हती. ती पारसकडं बघत होती.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "खोटं सांगू नका. तुम्हाला पसंत पडली असती का?"

पारसनं पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली. तिच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला. माझा भाऊ फार बोलणारा नाही, आणि अशा वेळी तो काय बोलेल याची मला धास्ती वाटली.

"काकू," तो म्हणाला, "मला तर माहिती वाचूनच पसंत होती. नोकरीची अट नाही, असं लिहिणारी एकच मुलगी भेटली मला आजवर."

"ते तिनंच लिहायला लावलं होतं!" ती एकदम म्हणाली. "मी नको म्हणत होते. म्हणाली, आई, पगार काय बघायचा, माणूस बघू." आणि तोंडाला पदर लावून ती खाली बसली. उंबऱ्यावरून वडील आत आले. मग जमिनीवर तिच्या शेजारी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि म्हणाले, "पंख्याचं सांगितलंस का यांना? शॉकचं?"

"सांगितलं."

"मेन स्विच बंद करत नव्हती," ते पारसला म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिथंच फुटला.

आम्ही पोहे खाल्ले. चौघांनी. चौथी ताटली वडिलांनी घेतली. निघायच्या वेळी तिनं डब्यातून साखर काढली, पारसच्या हातावर ठेवली, माझ्या हातावर ठेवली. माझी मूठ तशीच राहिली हे तिच्या ध्यानात आलं.

"गोडाचा त्याग आहे का आज?"

मी मान हलवली. त्या क्षणी नेम मोडायला मी तयार होते.

"मग नका खाऊ. माझ्यासाठी व्रत मोडू नका. पदरात बांधा आणि उद्या दर्शन झाल्यावर खा." तिनंच माझ्या पदराला गाठ मारली. आणि दारात आल्यावर, मुलीकडचे म्हणतात तेच ती म्हणाली, "कळवा मग."

"कळवतो," पारस म्हणाला.

घरी येऊन उपाध्ये सरांना फोन केला. ते म्हणाले, "त्या सगळ्या ओळी काढून टाकतो आत्ताच." मी म्हटलं, "काढू नका, सर. झाकायची काही सोय होते का, ते विचारा." इंजिनिअरनं मला फोन केला. "काकू, डेटाबेसमध्ये झाकायचं म्हणजे काय? एक तर असतं, नाहीतर नसतं."

"तिसरं पण असतं, बाळा," मी म्हटलं. "तेवढा एक रकाना वाढव."

सोमवारी दर्शन करून आले आणि तासगावला फोन लावला. पारसला विचारलं नव्हतं. त्यानं काल सांगितलंच होतं, आणि तो खोटं बोलत नाही.

"वैनी, त्रिशला बोलतेय. मुलगी पसंत आहे आम्हाला."

यावेळी मी 'हॅलो हॅलो' केलं नाही. थांबून राहिले. पलीकडं ती श्वास घेत होती तो ऐकू येत होता.

"ऐकलंत का हो," ती मागं वळून म्हणाली, "पसंत आहे म्हणतायत." मग पुन्हा फोनमध्ये, अगदी हळू, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडून नकार कळवते. मुलगा चांगला आहे, त्याला तिष्ठत ठेवू नका. पत्रिका जुळत नाही, असं सांगतात ना, तसं सांगा त्याला."

"सांगते."

"आणि ती ओळ झाका आता. पुसू नका."

मी तशीच दुकानात गेले. पारस एका मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. बोटं थांबवली नाहीत त्यानं.

"काय म्हणाल्या?"

"नकार आहे."

"कारण?"

"पत्रिका."

त्यानं मान हलवली. नकाराची त्याला सवय होती. पण हात त्याचे आत्ता थांबले. मी पदराची गाठ सोडली. दमट हवेनं साखरेचा एकच खडा झाला होता. तो मोडला, अर्धा त्याच्या काळ्या तळहातावर ठेवला, आणि उरलेला मी तोंडात टाकला.